टेटलोचे तीन प्रश्न

शनिवारी दुपारी अडीच वाजले की मी रग्बीच्या मैदानाच्या कठड्याशी जाऊन उभी राहायचे. गावातल्या बायका म्हणायच्या, "झिला, तुझं बरंय बाई! नवरा कोच, पोरगा संघात, कठड्याशी हक्काची जागा." जागा हक्काची होती हे खरं. पण मी तो कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी असायचे ती पाय लटपटायचे म्हणून, हे त्यांना कोण सांगणार? मी तर नक्कीच नाही.

मी झिला कर्शॉ. इंग्लंडच्या उत्तरेत, एल्डरक्लफच्या कापडगिरणीत तेरा वर्षांची असल्यापासून आहे, चार साचे, म्हणजे विणायचे माग, सांभाळते. आमच्या साचेखात्यात एका छपराखाली चारशे साचे धडधडतात. तिथे शेजारणीच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून आम्ही ओठांनी बोलतो. आवाज काढायचा नाही, तोंड नीट उघडून शब्द नुसता ओठांवर मांडायचा, की खात्याच्या पार दुसऱ्या टोकाची बाई तो वाचते. कोणाला दिवस गेलेत, कोणाचं लग्न मोडलं, जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, आज कोणावर डोळा ठेवून आहे, सगळं धोटे पळत असताना कळतं. पुरुषांनाही हे येतं, आणि पोरांना तर आईच्या मांडीवरच येतं. त्यामुळे आमच्या गावात गुपित बोलायचं तर तोंडासमोर शाल धरावी लागते. पाठ वळवली तरी चालते.

माझा नवरा सेथ याच गिरणीत कापडाच्या गाठी उचलायचा आणि शनिवारी रग्बी खेळायचा. आमची उत्तरेकडची रग्बी तेरा जणांची, मोठ्या घरच्या पोरांची ती पंधरा जणांची नव्हे. तेरा म्हणजे तेराच. बदली गडी नाही. एखादा मोडला तर उरलेल्या बारा जणांनी खेळायचं, आणि बारा जणांनी खेळायचं म्हणजे हरायचं. म्हणून मैदानातून कोणी बाहेर येत नसे. बोट मोडलं तर शेजारच्या बोटाला बांधायचं. दात पडला तर खिशात.

टेटलो नावाचा म्हातारा पाण्याची बादली घेऊन बाजूला बसलेला असायचा. गडी पडला की तो लंगडत आत जायचा, गार पाण्याचा स्पंज त्याच्या मानेवर पिळायचा आणि तीन प्रश्न विचारायचा. कोणाशी खेळतोयस? कुठल्या बाजूला खेळतोयस? गुण किती? तिन्ही बरोबर आले तर पाठीवर थाप मारून परत खेळात. एक जरी चुकला तरी बाहेर. या बाबतीत टेटलो कोणाच्या बापाचं ऐकत नसे. त्याच्यामुळे काही पोरं वाचलीही असतील.

पण टेटलो होता कोळशाच्या खाणीतला. त्याला ओठ वाचता येत नव्हते. आणि प्रश्न बदलावेत हे त्याला कधी सुचलं नाही. मग काय, तो पडलेल्याच्या तोंडात बघायला वाकला की त्याच्या पाठीमागे उभा असलेला गडी ओठांनी उत्तर सांगायचा, आणि डोळे फिरलेला माणूस ते वाचून म्हणायचा. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं. आम्ही याला लबाडी म्हणत नव्हतो, पडलेल्याला हात देणं म्हणत होतो. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

एकोणीसशे आठ साली चषकाचा उपांत्य सामना होता. समोर डोंगरापलीकडचे ब्रॅमरॉइडवाले. मैदान नुसता चिखल. आम्ही पाच-चार मागे, दहा मिनिटं उरलेली. त्यांच्या एका धिप्पाड गड्याचा गुडघा सेथच्या कानशिलावर बसला आणि सेथ जागच्या जागी कोसळला. मी कठड्याशी होते, पोटात चार महिन्यांचा क्लेम.

टेटलोने त्याला बसता केला. कोणाशी खेळतोयस? सेथने समोरच्या जर्सीचे पट्टे बघून सांगितलं. कुठल्या बाजूला? त्याने अंदाजाने बोट दाखवलं, ते बरोबर निघालं. गुण किती? टेटलोच्या पाठीमागे नेमकं कोणी नव्हतं, आमचे सगळे गडी पंचाशी भांडण्यात गुंतलेले. सेथने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी ओठांनी सांगितलं, 'पाच-चार. ते पुढे.'

"पाच-चार," सेथ म्हणाला. "ते पुढे."

"शाब्बास," टेटलो म्हणाला.

त्यानंतर सेथने जे केलं ते एल्डरक्लफमध्ये अजून सांगतात. आपल्या अर्ध्यातून चेंडू घेऊन निघाला, चौघांना चकवलं, पाचव्याला अंगावर घेऊन रेषेपलीकडे चेंडू टेकवला. तीन गुण. सात-पाच. पुढे अंतिम सामनाही जिंकला, पण त्याचं कोणाला काही नाही. सगळ्यांच्या तोंडी ती धावच. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, टोप्या उडवल्या. खांद्यांवरून सेथ माझ्याकडे बघून हसत होता, आणि हसता हसता ओठांनी विचारत होता, 'झिला, काय झालं?'

ती धाव त्याला कधीच आठवली नाही. गुत्त्यात लोक बियरचा पेला पुढे करून म्हणायचे, "सेथ, सांग रे एकदा!" आणि तो सांगायचा, अगदी रंगवून. प्रत्येक शब्द दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेला. हे फक्त मला माहीत होतं. आणि उत्तर कोणी दिलं होतं, हेही.

त्याने पुढे खूप नाव काढलं. जिल्ह्याच्या संघात गेला, कप्तान झाला, लढाईवरून परत येऊनही तीन हंगाम खेळला. डोक्याला किती टोले बसले ते मोजणं मी सोडून दिलं. डोकं दुखायला लागलं की खिडकीवर घोंगडी टांगून दोन-दोन दिवस अंधारात पडून राहायचा. मग खेळणं सोडलं आणि संघाच्या समितीने त्याला कोच केलं. टेटलो तोवर वारला होता, त्यामुळे बादलीही सेथकडेच आली. बादलीबरोबर ते तीन प्रश्नही.

कोच मात्र तो असा होता की डोंगरापलीकडूनही लोक बघायला यायचे. मंगळवारी-गुरुवारी गिरणी सुटली की पोरांना चिखलात पळवायचा. "डोळ्यांत काय बघतोस लेका, लग्न ठरवायचंय का? कंबर बघ, कंबर! डोळ्यांनी माणूस फसवतो, कंबरेने फसवता येत नाही." पोरं त्याच्यावर जीव टाकायची.

पाच वर्षांपूर्वी हळूहळू सुरू झालं. सेथ किल्ली चुलीवर ठेवायचा, चहाचं भांडं जिन्यात. मी हसण्यावारी नेलं. मग एकदा गिरणीतून परत येताना बघते तर सेथ आमच्या जुन्या घराच्या दाराला किल्ली लावत होता, आणि आतली बाई घाबरून पडद्याआडून बघत होती. लग्नानंतर दोन वर्षं आम्ही तिथे राहिलो होतो. मी त्याला हाताला धरून आणलं.

आणि त्या गुरुवारचं तर विसरणं शक्य नाही. शनिवारच्या संघाची यादी सेथ लिहायचा आणि ऑर्मरॉडच्या मटणाच्या दुकानाच्या काचेवर लावायचा. ऑर्मरॉड खाटीक म्हणजे समितीचा अध्यक्ष. मी हाडं आणायला गेले होते, सहज यादीवर नजर गेली. चौथ्या नंबरावर सेथच्या सुबक अक्षरात लिहिलेलं: जेसी लोमॅक्स. जेसी आमचा शेजारी, सेथचा जिवलग. सोळा साली फ्रान्समध्ये मेला. मी भर दुकानात ती यादी फाडून शालीखाली कोंबली.

"काय हो कर्शॉबाई?" ऑर्मरॉड सुरी पुसत म्हणाला.

"शाई पसरलीय. नवीन लावते."

घरी येऊन माझ्या हातांनी यादी लिहिली. सेथ टेबलाशी बसून बघत होता. "समितीला सांगू नकोस, झिला," तो म्हणाला. "मला दुसरं काही येत नाही. आणि कळलं तर ते मला वर नेतील."

वर म्हणजे टेकडीवरच्या त्या लांबलचक इमारतीत. डोकं फिरलेल्यांना तिथे ठेवतात. मार्सडेन जॉबरच्या भावाला नेलं होतं, तो पुन्हा आपल्या पायांनी खाली आला नाही. सेथ रात्रंदिवस त्याच भीतीत होता, आणि त्याच्यापेक्षा मी. साचे चालू असताना दाराशी कोणी कोटवाला दिसला तरी मला वाटायचं, सेथला न्यायला आला.

म्हणून आम्ही तोड काढली. मी कठड्याशी उभी राहायचे, थेट सेथच्या बाकामागे, मैदानाकडे तोंड करून. मागच्या साऱ्या गर्दीला माझी फक्त टोपी दिसायची, आणि समोरच्या कडेला पाहुणेच असायचे, त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं. सेथ मान किंचित वळवायचा आणि मी ओठांनी सांगायचे. 'सात-सात.' 'वीस मिनिटं राहिली.' 'तो पडलाय तो हॅरॉप.' माझ्या पाठीशी हजारो माणसं, आणि सगळ्यांना ओठ वाचता येतात. चुकून जरी तोंड वळलं तर सेथ वर गेला म्हणून समजा. पाच वर्षांत मी एकदाही मान वळवली नाही. शेजारणीने विचारलं तरी समोर बघूनच उत्तर द्यायचे. लोक म्हणायचे, कर्शॉची बायको शिष्ट आहे.

क्लेम सतरा वर्षांचा झाला आणि संघात आला. बापाचीच जागा, बापाचीच चाल. मी नको म्हटलं होतं. पण नको का, हे सांगता येत नसेल तर त्या नकोला कोण विचारतो?

या वर्षी पुन्हा उपांत्य सामना आला, आणि दैव बघा, पुन्हा ब्रॅमरॉइड. सकाळी मी वाटाणे उकडत होते. क्लेम बुटांना चरबी चोळत बसलेला.

"आई, सामन्यात तू सारखे ओठ काय हलवत असतेस गं?"

माझ्या हातातला डाव भांड्यातच राहिला. "कोण म्हणालं?"

"मैदानातून दिसतं की, पळताना वाचता तेवढं येत नाही. पोरं म्हणतात, कर्शॉबाई आपल्यासाठी प्रार्थना करतात."

"करते. तुझ्यासाठी जास्त करावी लागते."

"मग जरा जोरात कर. त्यांच्या त्या ग्रीनहालचं वजन बैलाएवढं आहे."

सेथ चुलीपाशी हसला. त्या दिवशी त्याचं डोकं साफ होतं. त्याने क्लेमला ग्रीनहालची सगळी खोड सांगितली: डावीकडे वळण्याआधी खांदा कसा पाडतो, कुठे अडवायचा. माझ्या मनात आलं, आज निभेल.

मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पूर्वार्ध ठीक गेला. उत्तरार्धात सेथची मान वारंवार माझ्याकडे वळू लागली. 'कितीवर?' मी सांगायचे. दोन मिनिटांनी पुन्हा, 'कितीवर?' मग त्याने विचारलं, 'लाल केसांचा तो कोण?' तो आमचाच कप्तान हॅरॉप होता, लहानपणापासून आमच्या घरी जेवलेला.

ते आठ, आम्ही सात. बारा मिनिटं उरलेली. क्लेम चेंडूवर झेपावला आणि ग्रीनहालचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. आवाज मला इथपर्यंत आला. क्लेम पालथा पडला आणि त्याचा एक पाय आपोआप थरथरत राहिला.

सेथ बादली घेऊन धावला. आमच्या मागून ऑर्मरॉडचा आवाज, "उठव त्याला, सेथ! बारा जणांनी काय दिवे लावणार? उठव!" आणि मग सगळेच, "उठ, क्लेम! उठ!" प्रेक्षकांवरचं छप्पर दणाणून गेलं.

सेथने त्याला बसता केला, स्पंज पिळला. सेथचा चेहरा माझ्याकडे होता, मी प्रत्येक शब्द वाचत होते. 'कोणाशी खेळतोयस?' क्लेमने समोरचे पट्टे पाहिले आणि सांगितलं. 'कुठल्या बाजूला?' त्याने हात वर केला, कुठेतरी दाखवला. सेथने मान डोलावली.

'आणि गुण किती, जेसी?'

जेसी म्हणाला तो. स्वतःच्या पोराला.

क्लेमने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. सेथनेही माझ्याकडेच पाहिलं. दोघांचे डोळे एकाच राखाडी रंगाचे, आणि दोघांच्याही डोळ्यांत काहीही नव्हतं. उत्तर देणाऱ्याला गुण माहीत नव्हते आणि विचारणाऱ्यालाही नव्हते. दोघं माझ्या ओठांची वाट बघत होते.

मी खरे गुण सांगितले तर क्लेम उठणार. खोटे सांगितले तरी उठणार, कारण सेथ तेच खोटं माझ्या ओठांवर वाचून शाब्बास म्हणणार. गप्प राहिले तर पोरगा काहीतरी ठोकून देईल आणि बाप मान डोलावेल. कशानेही क्लेम उठणारच होता. आणि ग्रीनहाल कमरेवर हात ठेवून उभा होता, खेळ सुरू होण्याची वाट बघत.

तेवढ्यात क्लेमचे ओठ हलले. 'आई,' त्याने आवाज न काढता म्हटलं, 'मला घरी ने.'

आता एक गोष्ट सांगते, जी आधी सांगताना मी गाळली. वीस वर्षांत ती मी कोणाला सांगितली नाही, सेथला तर नाहीच. टेटलोने गुण विचारले तेव्हा सेथने माझ्याकडे पाहिलं, ते उत्तर मागायला नव्हतं. त्याच्या ओठांवर हेच होतं. 'झिला, मला घरी ने.' मी ते स्वच्छ वाचलं. माझ्या मनात आलं, एवढा मोठा सामना, सारं गाव बघतंय, उद्या साचेखात्यात बायका काय म्हणतील, कर्शॉ रडत घरी गेला? आणि मी वाचलंच नाही असं दाखवून म्हणाले, 'पाच-चार.'

मी कठड्याखालून वाकून मैदानात शिरले. बाईमाणूस मैदानात शिरल्याचं एल्डरक्लफमध्ये कोणी पाहिलं नव्हतं. चिखलात एक बूट रुतला तो तिथेच सोडला. हॅरॉप आडवा आला, "बाई, बाहेर व्हा, पंच बघतोय!" मी त्याला ढकललं आणि क्लेमचं डोकं पोटाशी धरलं.

"झिला," सेथ गोंधळून म्हणाला, "टेटलो कुठंय?"

"तू त्याला आत पाठवणार नाहीस, सेथ."

"त्याने दोन बरोबर सांगितले."

"तिसऱ्याचं उत्तर तुला माहीत आहे का?"

सेथ गर्दीकडे बघायला लागला, आणि मला कळलं की त्याला ती इमारत दिसते आहे. ऑर्मरॉड ओरडत होता, हॅरॉप ओरडत होता, पंच घड्याळ दाखवत होता. त्या कल्लोळात माझा आवाज माझ्याच कानांना ऐकू येत नव्हता. साचेखात्यात असतो तसाच.

मग मी गर्दीकडे तोंड वळवलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. भीतीने माझे ओठ थरथरत होते, एवढे की मी आधी ते दातांनी चावले. आणि मग खात्याच्या दुसऱ्या टोकाला सांगतात तसं, तोंड पूर्ण उघडून, एकेक शब्द मांडून सांगितलं.

'माझ्या पोराला गुण माहीत नाहीत. त्याच्या बापालाही माहीत नाहीत. पाच वर्षं मी सांगते आहे. आठ साली त्याच्या बापालाही मीच सांगितले होते. ती धाव त्याला आठवत नाही. तुमच्या त्या धावेने त्याचं डोकं गेलंय. पोराचं मी जाऊ देणार नाही.'

आधी पुढच्या रांगा गप्प झाल्या. मग मागच्या, मग छपराखालच्या. पलीकडच्या टोकाला ब्रॅमरॉइडवाले तेवढे अजून गात होते, त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं. माझ्या माणसांमध्ये मात्र साचे बंद पडल्यावर पसरते तशी शांतता होती. हॅरॉपने मला मान द्यायला, काढायला टोपी नव्हती म्हणून, नुसता कपाळाला हात टेकवला, क्लेमला उचललं आणि बाहेर आणलं. सेथ बादली घेऊन आमच्या मागून आला. गडी मागे सरकून त्याला वाट देत होते आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

बारा जण खेळले. तेरा-सात हरले.

क्लेम तीन दिवस अंधाऱ्या खोलीत उलट्या करत होता. चौथ्या दिवशी त्याने भाकरी मागितली. डॉक्टर म्हणाले, त्याच दिवशी आणखी एक टोला बसला असता तर मागायला उरला नसता. त्याच आठवड्यात ऑर्मरॉडने सेथकडून मैदानाच्या किल्ल्या घेतल्या. नजर चुकवत म्हणाला, "लोक नाराज आहेत, कर्शॉबाई." मी म्हटलं, "नाराज तरी आहेत. मी तर वीस वर्षं घाबरलेली होते, मला कोणी विचारलं?"

सोमवारी खात्यात गेले तेव्हा सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाठ केली. आमच्याकडे अबोला असाच धरतात. ओठ दिसले नाहीत की माणूस एकटं पडतं, चारशे साच्यांच्या आवाजात पार एकटं. अकरा दिवस मी तसे काढले. बाराव्या दिवशी जेसीची आई, म्हातारी हॅना लोमॅक्स, आपल्या साच्यावरून वळली आणि ओठांनी म्हणाली, 'पोरगा कसाय?' मी सांगितलं. मग तिने विचारलं, 'आणि सेथ अजून माझ्या जेसीशी बोलतो का?' मी हो म्हटलं. तिने साच्यावरचा एक तुटलेला धागा जोडला. 'मग मी येत जाईन,' ती म्हणाली.

सेथला अजून कोणी वर नेलेलं नाही. दार वाजलं की मात्र माझा जीव अजून टांगणीला लागतो.

क्लेमला मी रोज तीन प्रश्न विचारते. टेटलोसारखे तेच ते नाही, बदलून विचारते. काल काय जेवलास, जॉबर आज कोणावर भडकला, शनिवारी पाऊस होता का? आणि विचारताना तोंडावर हात धरते.

"आई, हात काढ ना."

"ऐकू येतंय ना? मग उत्तर दे."

तो देतो. बहुतेक वेळा लगेच. कधी जरा थांबतो, आणि तेवढ्या वेळात मी तोंडावरचा हात आणखी घट्ट धरते.

गेल्या शनिवारी दुपारी मैदानावरून मोठा ओरडा आला. मैदान आमच्यापासून चारच गल्ल्या. चुलीपाशी बसलेला सेथ दचकून उभा राहिला. बूट शोधायला लागला, मग मध्येच थांबला, दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि माझ्याकडे वळला. आवाज न काढता म्हणाला, 'झिला, मला घरी ने.'

आपल्याच चुलीसमोर उभा होता तो. अरे, घरीच आहेस, हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. मी ते परत गिळले.

"चल," मी म्हणाले.

त्याला कोट चढवला, हात धरला. मागच्या दाराने बाहेर काढलं, गल्लीला वळसा घालून सावकाश चालवलं. ओरडा वाढला की त्याची बोटं माझ्या हाताला आवळायची. मग पुढच्या दाराने आत आणलं, त्याच खुर्चीत बसवलं, खिडकीवर घोंगडी टांगली.

"आलं बघ घर."

त्याने भोवताली पाहिलं, डोकं मागे टेकलं आणि सुटकेचा मोठा श्वास सोडला. "बरं केलंस आणलंस ते," सेथ म्हणाला. "टेटलोने मला परत आत पाठवलं असतं."